सत्तेचाळिसाव्या वर्षी ऑनलाइन साधनं शिकताना : तिसरीच्या बाईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या हडपसर भागातल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाई आहेत. वय ४७, वर्गाचा पट ३६. एमएस-सीआयटी केलं त्याला जमाना झाला, आता फक्त प्रमाणपत्र उरलंय. टाळेबंदीत लेकीच्या मदतीने वेळ मारून नेली. आता लेक नोकरीसाठी बंगळुरूला. शाळेत टीव्ही आलाय, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येऊन ‘डिजिटल काय चाललंय?’ विचारतात, शेजारच्या वर्गातले तरुण सर सगळं झटपट करतात. बाई विचारतात : कोणता कोर्स करू, किती साधनं यायला हवीत, आणि या वयात जमेल का?

ताई, मी तुमच्याहून सात वर्षांनी मोठी आहे. महापालिकेच्या शाळांत २९ वर्षं झाली, त्यातली शेवटची काही शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकांत, सुलभक म्हणून इतर शिक्षकांना हेच शिकवण्यात गेली. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : जमेल. पण कोर्स करून जमेल असं मला वाटत नाही.

कोर्सवर माझा राग नाही. कुमठेकर रस्त्यावरच्या आपल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रशिक्षणांत आशय बरा असतो. खोट आपल्यात आहे. २०२० मध्ये शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण दीक्षा या सरकारी ॲपवर ऑनलाइन आलं, तेव्हा मी फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून भाकऱ्या थापत मॉड्यूलं ‘पूर्ण’ केली. प्रमाणपत्रं आली, मुख्याध्यापकांना पाठवली, आणि आठवड्याभरात साधा ऑनलाइन फॉर्म बनवायची वेळ आली तेव्हा पुन्हा मुलालाच हाक मारली. जे उद्या वर्गात लागणार नाही ते बोटांत उतरत नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

म्हणून एक काम करा. तुमच्या वर्गात मुलं हमखास कुठे अडतात ते एक ठिकाण धरा. तिसरी म्हणजे मी डोळे झाकून सांगते : हातच्याची वजाबाकी. ४२ वजा १७. दरवर्षी वर्गातली बरीच मुलं ३५ लिहितात. का, ते तुम्हाला ठाऊक आहेच. एककात दोनातून सात जात नाहीत, मग मूल आपल्या सोयीने उलटं करतं, सातातून दोन घालवतं, पाच. चारातून एक, तीन. उत्तर ३५ आणि चेहऱ्यावर समाधान. या एका गणितासाठी एक दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि तीन प्रश्नांचा एक फॉर्म, एवढं स्वतःच्या हाताने करायचं. येत्या महिन्यात याच्यापुढे काही नको.

व्हिडिओत तुमचा चेहरा नको, हात पुरेत. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे रबरबँड लावून ठेवा, दोन काड्या सुट्ट्या. वरून चित्रण करायला स्टँड विकत आणू नका. फोन टेबलावर आडवा, पडदा वर आणि मागचा कॅमेरा टेबलाच्या कडेबाहेर येईल असा ठेवायचा, फोनच्या दुसऱ्या टोकावर बालभारतीच्या चार-पाच पुस्तकांची चळत. खाली मुलांचं छोटं स्टूल, स्टुलावर काड्या. काय दिसतंय ते वरून पडद्यावर पाहता येतं. लेन्स पदराने पुसून घ्या. आपल्या फोनला पीठ नाहीतर खडूची भुकटी लागलेलीच असते. उजेड खिडकीतून समोरून किंवा बाजूने येऊ दे. पंखा बंद. आपल्या कानाला पंखा ऐकू येत नाही, पण फोनला नुसता पंखाच ऐकू येतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच मुख्याध्यापकांचा फोन येतो आणि चित्रण तुटतं.

मग बोला, वर्गात बोलता तसंच. ‘माझ्याकडे बेचाळीस काड्या आहेत. सतरा द्यायच्या आहेत. सात सुट्ट्या हव्यात, माझ्याकडे दोनच. काय करू?’ इथे चार सेकंद गप्प बसा. खरंच गप्प. मूल घरी बसून उत्तर देतं. मग एका गठ्ठ्याचं रबर काढा, तो आवाजही येऊ दे. काड्या दोनमध्ये मिसळा, मोठ्याने मोजा, बारा. सात बाजूला, राहिल्या पाच. गठ्ठे राहिले तीन, त्यातला एक दिला, दोन. पंचवीस. संपलं. ‘तर मुलांनो, आज आपण काय शिकलो’ वगैरे काही नको.

चुकलं तर पुन्हा करा, पण तीनदाच. तिसऱ्यांदा जो होईल तो पाठवायचा. मी पहिला व्हिडिओ अकरा वेळा केला होता, कारण एकदा कुकरची शिट्टी आली, एकदा माझा ‘श’ घसरला. मुलांना शिट्टी आवडली असती.

लांबीबद्दल माझीच फजिती सांगते. २०२० च्या जूनमध्ये मी अपूर्णांकांवर २२ मिनिटांचा व्हिडिओ केला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. फार अभिमान वाटला होता. रात्री एका मुलीच्या आईचा फोन आला. तिचा नवरा रिक्षा चालवायचा, तेव्हा ती बंदच होती, घरात एक फोन, तीन मुलं तीन इयत्तांत. ती म्हणाली, ‘बाई, तुमचा पिक्चर उतरवता उतरवता आजचं नेट संपलं, मोठ्याचा तास गेला.’ रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून दोन मिनिटांच्या वर गेले नाही.

पाठवायची वेळही ठरवा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मुलाच्या हाती फोन येतो तो आई किंवा वडील कामावरून परतल्यावर. दुपारी बाराला पाठवलेला व्हिडिओ रात्रीपर्यंत लग्नाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. मी संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान पाठवते. एका संध्याकाळी एकच गोष्ट.

आता फॉर्म. इथे जरा थांबते, कारण खरी कमाई इथे आहे आणि बहुतेक प्रशिक्षणांत हाच भाग घाईत उरकतात.

गूगल फॉर्मवर तीन प्रश्न करा, तिन्ही पर्यायांचे. पहिला प्रश्न ४२ वजा १७. पर्याय कोणते द्याल? सवयीने आपण २५, २६, २४, २७ असं काहीतरी देतो. तसं देऊ नका. २५ द्या, ३५ द्या आणि ५९ द्या. ३५ निवडणाऱ्या मुलाने उलटी वजाबाकी केलीय. ५९ निवडणाऱ्याने चिन्हच पाहिलं नाही, बेरीज केली. चौथा पर्याय हवा तर १५ द्या. म्हणजे हातचा घेतला, मग दशकातून एकाऐवजी दोन घालवले. चुकीचा पर्याय असा रचला की फॉर्म तुम्हाला गुण सांगत नाही, आजार सांगतो. रात्री नऊला उत्तरांचा तक्ता उघडला की कळतं : सात मुलं ३५ वर, दोन ५९ वर. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर त्या सात जणांना घेऊन काड्यांसकट जमिनीवर बसायचं. बाकीच्यांना तोवर स्वाध्याय.

मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, ताई. ही साधनं मुलांना शिकवतील अशी आशा ठेवून मी बरीच वर्षं घालवली. ३६ मुलांत उद्या सकाळी कोणाजवळ बसायचं, हे त्यांच्यामुळे रात्रीच कळतं, आणि तेवढ्यासाठी ती शिकण्यासारखी आहेत. शिकवायचं काम त्या काड्यांनी आणि तुम्हीच करायचं आहे.

छत्तीसपैकी बावीस-तेवीस उत्तरं आली तर खूप समजा. उरलेल्यांची नावं गटावर टाकू नका. कुणाकडे रिचार्ज संपलेला असतो, कुणाचे वडील रात्रपाळीला. सकाळी त्यांना तेच तीन प्रश्न कागदावर द्या आणि त्याच तक्त्यात हाताने भरा. फोन नसलेलं मूल तुमच्या तक्त्यातून गळता कामा नये.

फॉर्ममधल्या काही खाचाखोचा मी ठेचा खाऊन शिकले, त्या आयत्या घ्या.

पहिली ठेच : दुवा. फॉर्म बनवताना वर ब्राउझरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो आपला संपादनाचा पत्ता असतो. पालकांना तो द्यायचा नाही, ‘पाठवा’ किंवा ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर मिळणारा द्यायचा. मी एकदा संपादनाचाच पत्ता पाठवला, आणि सोबत ‘दुवा असलेल्या कुणालाही बदल करता येतील’ ही परवानगीही देऊन बसले होते. रात्रीतून कुणाच्या तरी मोठ्या भावाने ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती’ हा प्रश्न बदलून ‘बाई रोज डब्यात काय आणतात’ असा केला. पर्यायही दिले होते. चौदा जणांनी उत्तर दिलं आणि बहुतेकांचं बरोबर होतं, शेपूची भाजी.

दुसरी : ‘एकालाच एक प्रतिसाद’ ही खूण करू नका. ती केली की गूगल खात्याने लॉगिन मागतं, आणि एकाच फोनवरून भाऊ भरून गेला की बहिणीला दार बंद.

तिसरी सगळ्यात त्रासाची, ती आकड्यांची. मुलांना उत्तर टाइप करायला लावलंत आणि उत्तरसूचीत तुम्ही देवनागरी आकड्यांत २५ ठेवलंत, तर इंग्रजी अंकांत तेच पंचवीस लिहिणाऱ्या मुलाला फॉर्म चूक देतो. बहुतेक फोनच्या कीबोर्डवर आकडे इंग्रजीच येतात. एका मुलीचे दहापैकी शून्य आले आणि ती रडत शाळेत आली. दहाही बरोबर होती. उत्तरसूचीत एकाहून जास्त बरोबर उत्तरं घालता येतात, दोन्ही आकडे घाला. तिसरीपर्यंत तर टाइप करायला लावूच नका.

टायपिंगचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही लिहिलंय की मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून उत्साह मावळतो. टाइप करूच नका, बोला. फोनच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये भाषा मराठी जोडा आणि माइकचं चित्र दाबून प्रश्न म्हणा. नव्वद टक्के नीट उतरतं, उरलेलं वाचून दुरुस्त करायचं. वाचायचंच मात्र, माझं ‘हातच्याची वजाबाकी’ एकदा ‘हाताची वजाबाकी’ होऊन गेलं होतं आणि एका पालकाने काळजीने फोन केला.

जुन्या प्रश्नपत्रिकांचं काय, असं पुढे विचारालच. आपल्या सगळ्यांकडे पेनड्राइव्हमध्ये पंधरा वर्षांचा साठा असतो, श्री-लिपी किंवा तसल्याच फॉन्टमधला. तो फॉर्ममध्ये चिकटवला की कावळ्याचे पाय उमटतात. कारण असं की त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं नि चिन्हंच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. जुना कागद युनिकोडमध्ये आणायची सोपी वाट : त्याची छापील प्रत घ्या, सपाट ठेवून फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावरून ‘गूगल डॉक्सने उघडा’ म्हणा. फोटोखाली मजकूर आपोआप येतो. जोडाक्षरं तपासून घ्या, बाकी काम झालं.

फॉन्टची आणखी एक गोष्ट मी दरवेळी सांगते आणि दरवेळी तरुण शिक्षक हसतात. पडद्यावरचा ‘ल’ आणि ‘श’ पाहा. आपल्या मुलांच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात तीच रूपं मराठीसाठी ठरवलेली आहेत. पण बरेचसे फॉन्ट मुळात हिंदीच्या वळणाने केलेले, त्यामुळे फोनवर उभ्या दांडीचा ल येतो. तुम्हाला-मला फरक पडत नाही. पहिली-दुसरीतल्या नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला पडतो. माझ्या वर्गातल्या एकाने टीव्हीवरचा ‘लसूण’ वाचायलाच नकार दिला होता, ‘बाई, हे अक्षर झालं नाही अजून’ म्हणाला. लहान इयत्तेसाठी शब्दपट्ट्या करताना मी सरळ हाताने लिहून फोटो काढते. तुमचं फळ्यावरचं अक्षर कुठल्याही फॉन्टपेक्षा त्यांच्या ओळखीचं असतं.

आता शिकायचं कसं. शेजारच्या सरांना विचारायची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा, पण एका अटीवर : माऊस तुमच्या हातात राहील. तरुण माणसं चांगल्या मनाने घात करतात. आपण विचारलं की ‘द्या बाई, मी करून देतो’ म्हणत फोन घेतात, वीस सेकंदांत करून परत देतात, आणि आपल्याला दिसतो फक्त त्यांचा अंगठा. सरांना सांगा, तुम्ही तोंडाने सांगा, मी करते. एक शंभर पानी वही करा. ‘वर सेटिंग, मग प्रश्नमंजुषा सुरू’ असं स्वतःच्या भाषेत लिहा, चित्र काढा. आज त्यांच्यासमोर, उद्या एकट्याने वही बघून, आठ दिवसांनी वही न बघता. तिसऱ्यांदा जमलं तर ते साधन तुमचं. माझी ती वही अजून कपाटात आहे, आणि खरं सांगायचं तर स्क्रीन बदलली की अजून काढावी लागते. ही मंडळी दर सहा महिन्यांनी बटणं हलवतात.

बदल्यात सरांना काहीतरी द्या. त्यांना पहिल्या वर्षी पाठ टाचण, पालकसभा, रडणारं मूल यातलं काही ना काही जमत नसणारच.

शाळेच्या कामासाठी एक वेगळं गूगल खातं काढा. मुलीच्या नावाने असलेलं नको, मुख्याध्यापकांच्या नंबरवरचंही नको; ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ते नेमके मीटिंगला असतात. फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. व्हिडिओंनी ती भरली की मेल येणंच बंद होतं आणि आपल्याला पत्ता नसतो. म्हणून जपून ठेवायचे व्हिडिओ मी यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून चढवते. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसतात. चढवताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडला की खाली टिप्पण्याही बंद होतात. पालकांना मात्र मी व्हॉट्सॲपवर फाइलच देते. दुवा दिला की मूल काड्यांच्या गणितावरून तिसऱ्या मिनिटाला कुठल्या कुठे पोहोचलेलं असतं.

व्हॉट्सॲपच्या गटाला ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे लावून टाका, विचार करू नका. आणि लक्षात घ्या, गटात सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मागे एका आईला गटातून नंबर उचलून कुणी त्रास दिला, तेव्हापासून मी ब्रॉडकास्ट यादी वापरते. त्यात प्रत्येकीला संदेश स्वतंत्र जातो. एकच गोम : ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो पोहोचतो. पहिल्या पालकसभेत फळ्यावर नंबर लिहून, सगळ्यांना तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा.

मुलांचे फोटो, नाव आणि गुण एकत्र कुठेही टाकू नका, उपक्रमाचा अहवाल म्हणूनही नको. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मी फॉर्ममध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक मागते.

शाळेतल्या टीव्हीबद्दल. त्याच्यावर आधी नवीन काही बनवू नका, आयतं भरपूर आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केले की त्या पाठाचा आशय उघडतो. कोडचं छापील चित्र खराब झालं असेल तर त्याच्याखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत असतो, तो टाइप केला तरी चालतं. दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं; तेव्हापासून त्यात चांगलं आणि सुमार दोन्ही साठत गेलंय. म्हणून घरी आदल्या रात्री पूर्ण पाहा आणि त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा निवडा. वर्गात तेवढाच लावा, थांबवा, विचारा. दहा मिनिटांचा व्हिडिओ लावून मागे उभं राहणं म्हणजे वर्ग टीव्हीला दत्तक देणं. आणि आधी डाउनलोड करून पेनड्राइव्ह जवळ ठेवा. शाळेतलं नेट हवं तेव्हा जातं, आणि गुरुवारी आपल्याकडे वीजच नसण्याची परंपरा आहे. त्या दिवशी काड्या.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी भरपूर, चार वाचन पातळ्यांत लावलेल्या, आणि श्रेय देऊन मोकळेपणाने वापरायची परवानगी. एक नंबर. मी शनिवारी शेवटच्या तासाला चित्र मोठं करून दाखवते, मजकूर झाकते आणि मुलांकडून गोष्ट वदवून घेते. गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या संकेतस्थळावर पडद्यावर हलवून बघायची प्रात्यक्षिकं आहेत, बरीच मराठीतही. अपूर्णांकाचं चौथी-पाचवीला अप्रतिम आहे. तुम्हाला यंदा लागणार नाही, सोडून द्या.

एआयचंही सगळे विचारतात. मी वापरते, शाब्दिक उदाहरणं काढायला. ‘तिसरीसाठी हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं दे, पुण्यातल्या भाजी मंडईतली’ असं सांगितलं की क्षणात देतो. पण मी तपासली तेव्हा दहातल्या चारांत हातचा घ्यावाच लागत नव्हता, आणि एका उदाहरणात कोथिंबीर किलोने विकली होती. जुड्या करून घेतल्या. त्याच्यासमोर मुलांची नावं किंवा प्रगतिपुस्तक टाकायचं नाही, एवढं पाळलं की तो बरा मदतनीस आहे. मात्र आधी फॉर्म. तो हातात बसल्याशिवाय इकडे वळू नका.

केंद्रप्रमुखांना काय दाखवायचं? तोच उत्तरांचा तक्ता दाखवा. सोमवारी ३५ लिहिणारी सात मुलं होती, शुक्रवारी दोन. माझ्या अनुभवात साहेब लोक रंगीत स्लाइडा दोन मिनिटं पाहतात, असा तक्ता पाहून खुर्ची ओढून घेतात.

दिवाळीपर्यंत एवढं झालं आणि वर्गात मुलांच्या हाती फोन नसताना झटपट तपासणी करायची हौस आली, तर माझं आवडतं साधन सांगून ठेवते : प्लिकर्स. फोन फक्त तुमच्याकडे लागतो. प्रत्येक मुलाकडे एक छापील पान, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना ए, बी, सी, डी बारीक अक्षरांत. तुम्ही प्रश्न विचारला की मूल आपलं उत्तर वर येईल असं पान धरतं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोण काय म्हणतंय ते फोनवर उमटतं. शेजाऱ्याला काही कळत नाही, त्यामुळे नक्कल नाही, आणि चुकलेल्याला कुणी हसत नाही. वर्गातलं सगळ्यात गप्प मूलही पान उचलतं. फुकट आवृत्तीत मर्यादा आहेत, पण आपल्याला एका वेळी तीन-चार प्रश्नच लागतात.

पानं साइटवरून उतरवून अप्पा बळवंत चौकात जाड कागदावर छापून घ्या. अक्षरांशेजारी पेनाने अ, ब, क, ड लिहिलं तरी चालतं, फक्त नक्षीला पेन लागू देऊ नका. मुलांना सांगा, पान कडेला धरायचं, बोट नक्षीवर आलं की कॅमेऱ्याला वाचता येत नाही. आणि दुकानदार हमखास म्हणेल, ‘मॅडम, लॅमिनेशन करून टाकू, वर्षभर टिकेल.’ चकचकीत करू देऊ नका. मी केलं होतं. खिडकीचा उजेड पडून अर्धी पानं फोनला दिसेचनात, आणि पैसे गेले ते गेलेच.